चष्मा जातो, पडदा राहतो

नोव्हेंबर १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला ‘ब्वाना डेव्हिल’ नावाचा चित्रपट लागला. पूर्व आफ्रिकेत त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधला जात असताना, १८९८ मध्ये, दोन नरभक्षक सिंहांनी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांना रात्री तंबूतून ओढून नेले होते. त्या घटनेवर तो बेतलेला होता. चित्रपट सुमार, समीक्षकांनी त्याची सालटी काढली. पण चित्रगृहाच्या दारात पुठ्ठ्याचा चष्मा मिळत होता आणि तो चढवला की सिंह थेट मांडीवर येईल अशी जाहिरात होती. लोकांनी रांगा लावल्या. त्या मजुरांची आठवण रांगेतल्या कोणाला असण्याचे कारण नव्हते. थ्रीडीच्या पहिल्या मोठ्या लाटेचा मुहूर्त मात्र त्यांच्या मरणावर झाला.

पुढचे वर्षभर हॉलिवूडने प्रेक्षकांच्या अंगावर भाले, दगड, खुर्च्या असे हाताला येईल ते फेकले. गाजलेल्या ‘हाऊस ऑफ वॅक्स’चा दिग्दर्शक आंद्रे द टॉथ याला एकच डोळा होता. जी करामत पाहायला लोक लोटत होते ती त्याला स्वतःला दिसणे शक्यच नव्हते. १९५४ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकचा ‘डायल एम फॉर मर्डर’ आला. त्याने तो थ्रीडीत अतिशय संयमाने चित्रित केला होता, फेकाफेक जवळजवळ नाहीच. पण तोवर प्रेक्षक विटला होता आणि बहुतेक गावांत तो चित्रपट सपाटच दाखवला गेला. दीड-दोन वर्षांत खेळ संपला.

एवढी घाई का झाली याचे उत्तर दिवाणखान्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या घराघरांत दूरचित्रवाणी संच आले आणि चित्रगृहे ओस पडू लागली. घरबसल्या फुकट मिळते त्याहून वेगळे काहीतरी दाखवणे भाग होते. तंत्र मुळीच नवे नव्हते. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली घडवतो, हे इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच दाखवून दिले होते. लाल-हिरव्या चष्म्यातून पाहायचा ‘द पॉवर ऑफ लव्ह’ १९२२ मध्ये झळकून विस्मरणातही गेला होता. इतकेच काय, आगगाडी फलाटावर येतानाचे दृश्य दाखवून चित्रपटाच्या जन्मकथेत जाऊन बसलेल्या लुई ल्युमिएरने १९३५ मध्ये तेच दृश्य पुन्हा थ्रीडीत करून दाखवले. चाळीस वर्षांनी, त्याच गाडीसाठी!

तंत्र होते, पण ते चालवणारी माणसे आणि यंत्रे चित्रगृहात नव्हती. उजव्या डोळ्याचे एक रीळ आणि डाव्याचे दुसरे, दोन प्रोजेक्टरांवर एकाच वेळी, एकाच वेगाने पळवायचे. एरवी एका प्रोजेक्टरवरचे रीळ संपत आले की ऑपरेटर दुसरा सुरू करी. आता दोन्ही एकदमच कामाला जुंपल्याने रीळ बदलायला मध्यंतर घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका रिळाच्या दोन चौकटी तुटल्या तर दुसऱ्याच्याही त्याच दोन कापून टाकायच्या. ऑपरेटर विसरला की खालच्या हजार माणसांची डोकी दुखायला लागत. शिवाय दोन डोळ्यांची चित्रे वेगळी ठेवणारे प्रकाशाचे ध्रुवीकरण टिकवायचे तर साधा पांढरा पडदा चालत नाही, चंदेरी मुलाम्याचा लागतो. थ्रीडी प्रेक्षकांनी नाकारला असे सर्रास सांगितले जाते. आमच्या मते तो आधी प्रोजेक्शनच्या खोलीत हरला.

खरा टोला दिला तो ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सने. सप्टेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉक्सी चित्रगृहात ‘द रोब’ हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट लागला. पडदा अवाढव्य रुंद, आणि जाहिरातीचा सगळा भर एका गोष्टीवर: हा चमत्कार चष्म्याशिवाय दिसतो. थ्रीडी विरला, रुंद पडदा मुक्कामाला आला तो आजतागायत आहे. आज आपण ज्याला सिनेमाचा पडदा समजतो तो आडवा आकार त्या वर्षीच्या घाबरगुंडीतून आला.

हे नमुनेदार आहे आणि नंतरही घडले. घरातला पडदा सुधारला की चित्रगृहाला थ्रीडीची आठवण होते. चार दिवस धामधूम चालते, चष्मे पेटीत जातात. मात्र त्या गडबडीत बसवलेले काहीतरी मागे उरते आणि सिनेमाचा पुढचा काळ त्यावर चालतो. म्हणून थ्रीडी टिकला का, यापेक्षा त्याच्या पाठीमागून काय आत शिरले हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओ पार्लरांचे पेव फुटले. १९८४ मध्ये केरळातल्या नवोदयने ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ काढला, भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट. दिग्दर्शक जिजो याने त्यात मुलांना भिंतीवरून, छतावरून चालवले; त्यासाठी अख्खी खोलीच फिरती बांधली होती. १९९८ मध्ये तो हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून आला आणि मुंबई-पुण्याच्या एका पिढीची थ्रीडीची पहिली ओळख तीच. दरम्यान १९८५ मध्ये जॅकी श्रॉफचा ‘शिवा का इन्साफ’ येऊन गेला. अठ्ठावीस वर्षांनी, २०१३ मध्ये, महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आणून तात्या विंचूला मराठी प्रेक्षकाच्या अंगावर सोडले. हे सगळे मौजेचे असले तरी भारतीय प्रेक्षकाला भव्यतेची चटक यांनी लावलेली नाही. ती लावली सत्तर एमएमने. १९७५ चा ‘शोले’ पस्तीस एमएमवर चित्रित करून सत्तरवर मोठा केला होता, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. हवेत उडवलेले नाणे खाली पडताना त्याची खणखण सभागृहात कुठून कुठे गेली हे सांगणारी माणसे अजून भेटतात. चष्मा कोणीच मागितला नव्हता.

आता आयमॅक्सकडे वळू. या कंपनीच्या जन्माला मजेशीर वैताग कारणीभूत आहे. १९६७ च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनात अनेक प्रोजेक्टर एकत्र चालवून मोठे दृश्य उभे करण्याचे प्रयोग झाले. ते सारे प्रोजेक्टर जुळवून ठेवताना नाकी नऊ आलेल्या ग्रॅम फर्ग्युसन, रोमन क्रॉयटर, रॉबर्ट कर यांनी आणि त्यांना येऊन मिळालेल्या अभियंता विल्यम शॉ यांनी ठरवले की एकच प्रोजेक्टर करायचा, पण जंगी. सत्तर एमएमची फिल्म उभी न पळवता आडवी पळवायची, म्हणजे एका चौकटीला पंधरा छिद्रांची लांबी मिळते आणि चौकट नेहमीच्या पस्तीस एमएमच्या सुमारे दहापट होते. एवढी जड फिल्म सेकंदाला चोवीस वेळा झटके देऊन थांबवली तर फाटणारच. ती लाटेसारखी हळुवार सरकवण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातल्या रॉन जोन्स यांची होती. तिचे हक्क घेतले गेले. १९७० मध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात ‘टायगर चाइल्ड’ दाखवला गेला आणि १९७१ मध्ये टोरांटोच्या सिनेस्फिअरमध्ये पहिले कायमचे आयमॅक्स चित्रगृह उभे राहिले.

पुढची तीसेक वर्षे हा पडदा विज्ञान केंद्रांत आणि संग्रहालयांत रमला. शटल यानातून दिसणारी पृथ्वी, एव्हरेस्ट, समुद्रतळ असे पाऊण तासाचे माहितीपट, शाळांच्या सहली, दुपारचे खेळ. मुंबईत वडाळ्याला २००१ मध्ये घुमटाकार आयमॅक्स आले ते याच परंपरेतले. कथापटाला तिथे जागा नव्हती, कारण फिल्म महाग आणि रीळ अवजड. २००२ मध्ये ‘अपोलो १३’ आयमॅक्सवर चढवला तेव्हा फिल्म मावावी म्हणून तो चक्क छाटावा लागला. २००४ मध्ये ‘द पोलर एक्सप्रेस’ तिथे थ्रीडीत चालला तेव्हा व्यापाऱ्यांचे कान टवकारले. २००८ पासून फिल्मऐवजी डिजिटल प्रोजेक्टर आले आणि मल्टिप्लेक्समधल्या एखाद्या सभागृहाला आयमॅक्सची पाटी लावणे सोपे झाले.

या तयार वाटेवर डिसेंबर २००९ मध्ये जेम्स कॅमेरॉनचा ‘अवतार’ आला.

‘अवतार’ची कथा बेताची आहे हे आता सर्वमान्य आहे आणि आम्हालाही ते मान्य आहे. परग्रहावरचे वनवासी, खनिजाला हपापलेली कंपनी, शत्रूच्या बाजूला गेलेला सैनिक. पण तो आयमॅक्सच्या उंच पडद्यावर, थ्रीडीत पाहिला असेल तर कथेची तक्रार करताना जीभ जरा अडखळते. सुरुवातीलाच अंतराळयानाचा लांबलचक कक्ष दिसतो. भिंतींत झोपलेली माणसे, वजनरहित तरंगणारे कर्मचारी, आणि तो कक्ष मागे मागे जातच राहतो. कॅमेरॉनने अंगावर फार काही फेकले नाही. त्याने पडद्यामागे जागा उघडली. पात्रांची नावे कोणाला आठवतात. पाय अधू असलेला तो सैनिक नव्या देहात पहिल्यांदा धावतो आणि बोटे मातीत रुतवतो, एवढे आठवते. बसल्या जागेवरून आपणही दुसऱ्याच्या देहात शिरून हिंडतो आहोत ही प्रेक्षकाची अवस्था आणि कथेतली अवस्था तिथे एक होते. महावृक्ष कोसळल्यावर राख उडते, ती समोरच्या रांगेतल्या डोक्यांवर उतरताना दिसते आणि सभागृह गप्प होते. हिचकॉकने पंचावन्न वर्षांपूर्वी ओळखले होते तेच हे: थ्रीडीचे बळ खोलीत आहे, उसळण्यात नाही.

‘अवतार’ने जगभरात २०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, तोवर हे कोणत्याच चित्रपटाला जमले नव्हते. मग स्टुडिओंची झुंबड उडाली. सपाट चित्रित केलेले चित्रपट घाईघाईने संगणकावर फुगवून थ्रीडी म्हणून विकले गेले. २०१० चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हे त्यातले कुप्रसिद्ध उदाहरण. दूरचित्रवाणी कंपन्यांनी घरासाठी थ्रीडी संच काढले आणि २०१७ पर्यंत बड्या कंपन्यांनी ते गुंडाळलेही. चित्रगृहात चष्मा घातला की चित्र काळवंडते, कारण डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश बऱ्याचदा साध्या खेळाच्या एकतृतीयांशाहूनही कमी असतो. डोळे नजर रोखतात पडद्यावर आणि वळतात मात्र पडद्याच्या पुढेमागे. हा ताण कोणत्याही यंत्राने सुटलेला नाही. क्रिस्टोफर नोलनने थ्रीडीला ठाम नकार दिला आणि आयमॅक्सच्या फिल्मवर मात्र जीव लावला. २०२३ मध्ये त्याच्या ‘ओपनहायमर’ची सत्तर एमएम आयमॅक्स प्रत जगातल्या तीस पडद्यांवर लागली. प्रतीची लांबी सुमारे १८ किलोमीटर. त्या तिसांत भारतातला एकही पडदा नव्हता.

पण १९५३ मध्ये झाले तेच याही वेळी झाले. डिजिटल प्रोजेक्टर बसवायला अमेरिकेतले चित्रगृह-मालक वर्षानुवर्षे का कू करत होते, कारण खर्च त्यांचा आणि प्रतींवरची बचत स्टुडिओची. थ्रीडीला डिजिटल प्रोजेक्टर लागतो आणि थ्रीडीला तिकिटावर जादा पैसे मिळतात, हे कळताच विरोध मावळला. चार-पाच वर्षांत शंभर वर्षांची फिल्म प्रोजेक्शनच्या खोलीतून हद्दपार झाली आणि तिच्याबरोबर ऑपरेटर नावाचा माणूसही. भारतात उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची सोय आधीच सुरू झाली होती, त्यामुळे इथे कारणे थोडी वेगळी होती; शेवट तोच झाला. ‘अवतार’ संस्कृतीवर काही खूण ठेवून गेला नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा प्रोजेक्शनच्या खोलीत डोकावावे.

आता भव्यता हाच धंदा आहे. ओटीटी घरात आल्यावर माणसाला बाहेर काढायचे तर मोठा पडदाच लागतो, आणि ‘अवतार’चे पुढचे भाग २०२२ आणि २०२५ च्या डिसेंबरात त्याच भरवशावर आले. आमचे गाऱ्हाणे वेगळे आहे. फिल्मच्या काळातला आयमॅक्स पडदा उंच होता, रुंदीच्या जवळजवळ सत्तर टक्के उंची. मल्टिप्लेक्समधला डिजिटल आयमॅक्स पडदा रुंदीच्या निम्म्याहून किंचित जास्तच उंच असतो आणि आकाराने कित्येकदा बराच लहान. दर मात्र त्या मोठ्या नावाचा. सोन्याच्या दुकानात हॉलमार्क पाहूनच पैसे मोजणारा मराठी माणूस इथे नुसत्या पाटीवर विश्वास ठेवतो. शिधापत्रिकेवरच्या साखरेचेसुद्धा वजन लिहिलेले असते. सभागृहाच्या दारावर आणि तिकीट विकणाऱ्या ॲपवर पडद्याची रुंदी आणि उंची मीटरमध्ये, प्रोजेक्टर लेझरचा की जुन्या दिव्याचा, आणि चष्म्यातून प्रत्यक्ष किती उजेड मिळतो, एवढ्या तीन गोष्टी लिहिणे सरकारने सक्तीचे करावे. मनोरंजनावर कर घेताना सभागृहातल्या खुर्च्या मोजल्या जातच होत्या. पडदा मोजायला त्याहून जास्त वेळ लागत नाही.