बैठक टेलच्या माणसासाठी बोलवा



आपल्या बैठकांचा क्रम आता सगळ्यांना पाठ झाला आहे. अकराची वेळ, साडेबाराला सुरुवात, हार-नारळ, पाहुण्यांची ओळख, मग आठ-दहा भाषणे. पाण्याचा मूळ विषय निघतो तेव्हा चार वाजलेले असतात आणि लांबच्या गावचा माणूस शेवटच्या एसटीसाठी उठलेला असतो. ठराव वाचला जातो, उरलेले हात वर करतात. ज्याचा प्रश्न होता, तो रस्त्यात आहे. याला मी बैठक म्हणत नाही, हजेरी म्हणतो.

आपल्याच भागात वेगळे घडले आहे. खानापूर तालुक्यात १९८२ च्या गिरणी संपातून गावी परतलेले कामगार आणि कोरडवाहू शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. त्यातूनच बलवडी-तांदुळवाडीने येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधले आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मानला. असला निर्णय व्यासपीठावरून होत नसतो. ज्याचे रान भिजणार आहे त्याने बिनजमिनीच्या शेजाऱ्याला वाटा सोडायचा, तर दोघांना समोरासमोर बसून भांडता आले पाहिजे. १९९३ पासून आटपाडीला भरलेल्या पाणी परिषदांनी समान पाणीवाटपाची हीच मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांची केली. परिषद मागणी उभी करते. वाटप मात्र गावच्या बैठकीतच ठरते.

आज टेंभू-म्हैसाळचे पाणी आले, त्याबरोबर हिशोबही आले. उपसा योजनांच्या वीजबिलात सरकारने ८१ टक्के आणि लाभधारकांनी १९ टक्के, असे सूत्र ठरले. गावाने आपला वाटा कसा गोळा करायचा, आवर्तन शाळूच्या पेरणीला मागायचे की पोटरीला, आधी कोणाला द्यायचे, हे ठरवताना टेलचा शेतकरी नसेल तर काय ठरेल ते सांगायला ज्योतिषी नको. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना जागा दिली आहे. मग आपल्या बैठकीत का नको? पहिला बोलणारा टेलचाच असावा. पुढारी शेवटी बोलले तरी चालते. त्यांना घरी जायला गाडी असते.

बैठकीला प्रश्न एकच ठेवा, फार तर दोन. थकबाकी, क्षेत्र, आलेले पाणी हे आकडे चार दिवस आधी गावात वाचून दाखवा. कापसाची वेचणी किंवा शाळूची काढणी चालू असताना दिवसा बैठक बोलावणे म्हणजे बायांना येऊ नका असे सांगणेच आहे, कारण त्यांचा रोज बुडतो. निर्णय झाला की तिथेच लिहा: काम कोणाचे, कोणत्या तारखेपर्यंत.

आता फोनवरच्या बैठकीचे. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती आपल्याकडेही रुळली. उमदीच्या माणसाचा सांगलीपर्यंतचा शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास वाचतो, हे थोडे नाही. पण फोन असतो पोराच्या हातात, आणि म्हातारा, बाई, सालगडी बाहेर राहतात. म्हणून एका गावाने एकच फोन पारावर ठेवावा, भोवती दहा जण बसावेत, त्यांच्यात आधी बोलणे व्हावे आणि मग एकाने गावाचे मत सांगावे. धारा काढायची वेळ टाळावी, पाऊण तासात आटपावे. माहिती द्यायला, तारीख ठरवायला, आकडे जुळवायला फोन उत्तम. वाटप आणि वर्गणी फोनवर ठरवायला माझा साफ विरोध आहे. गप्प राहिलेला माणूस हो म्हणाला, रागावला, की त्याची रेंज गेली, हे कोणी ओळखायचे?

पुढच्या जिल्हा बैठकीचे पत्र निघेल तेव्हा प्रश्न वर आणि पाहुण्यांची नावे खाली छापावीत. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळही त्यात असावी. जतच्या पूर्व भागासाठी ते पत्र कन्नडमध्येही काढावे.