टाइपचं भांडण, ऑब्जेक्टच्या माथी

‘सर, जावा ऑब्जेक्ट ओरिएंटेड आणि पायथॉन डायनॅमिक, मग शिकू काय?’ इंजिनिअरिंगची मुलं हे हमखास विचारतात. इथे दोन वेगळे प्रश्न एका दावणीला बांधलेत. डेटा आणि त्यावरचं काम एकत्र कसं ठेवायचं, हा ऑब्जेक्टचा प्रश्न. टाइप प्रोग्रॅम चालण्याआधी तपासायचा की चालताना, हा टाइपिंगचा.

क्लास आणि ऑब्जेक्ट आधी आले ऑस्लोत घडलेल्या सिम्युला ६७ मध्ये. ती टाइप आधीच तपासणारी. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव रूढ केलं ॲलन के यांनी, आणि त्यांच्या गटाने १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्कमध्ये घडवलेली स्मॉलटॉक मात्र पुरती डायनॅमिक! तिच्यात ३ + ४ म्हणजे ३ या ऑब्जेक्टला धाडलेला निरोप: ‘अधिक ४’. निरोप कळला नाही तर ‘डझ नॉट अंडरस्टँड’ हा दुसरा निरोप त्याच ऑब्जेक्टकडे जातो, आणि पुढे काय करायचं ते प्रोग्रॅमर ठरवू शकतो. जावाचा साधा इंट ऑब्जेक्टच नाही. पायथॉनमध्ये आकडा, फंक्शन, खुद्द क्लाससुद्धा ऑब्जेक्ट. आता सांगा, जास्त ऑब्जेक्टवाली कोण?

डायनॅमिक म्हणजे ढिसाळ, असंही नाही. जावास्क्रिप्टमध्ये अवतरणातल्या ‘५’ मध्ये साधा ५ मिळवला की ‘५५’ येतात आणि वजा केला की शून्य. (हसू नका, यावर बँकांची पानं चालतात.) पायथॉन तीच बेरीज टाइपएरर देऊन धुडकावतो. दोन्ही डायनॅमिकच.

खरा वाद चूक कधी सापडावी याचा. छोट्या स्क्रिप्टला टाइप लिहीत बसणं ही नसती उठाठेव. पण मोठ्या टीममध्ये एका मेथडचं नाव बदललं की ती कुठेकुठे वापरलीय हे कंपायलर लगेच दाखवतो. टाइप नसले तर भिस्त टेस्टवर आणि नशिबावर. तिथे मी टाइपच्या बाजूचा. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट आली, २०१५ मध्ये पायथॉन ३.५ मध्ये टाइप हिंट आले, ते याच गरजेपोटी.

त्या हिंटवर मात्र विसंबू नका. ‘वय: इंट’ लिहून स्ट्रिंग पाठवली, तरी पायथॉन चालताना ते तपासत नाही. मायपायसारखं टूल वेगळं लावा, आणि कोड मर्ज होण्याआधी ते आपोआप चालेल अशी सोय करा.