अर्थसंकल्पाची परिभाषा आणि तज्ज्ञ आयोगाचा प्रश्न

केंद्राच्या अर्थसंकल्पाला संविधानाचा अनुच्छेद ११२ आणि राज्यांच्या अर्थसंकल्पाला अनुच्छेद २०२ लागू होतो. या दोहोंत ‘बजेट’ हा शब्द आढळत नाही. ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ एवढेच तेथे म्हटले आहे. देशी भाषांनी मात्र या विवरणपत्राला आपापल्या समजुतीप्रमाणे नावे दिली. मराठीत राज्याच्या पातळीवर ते ‘अर्थसंकल्प’ झाले आणि नगरपालिकांच्या व्यवहारात ‘अंदाजपत्रक’ राहिले. गुजरातीने ‘अंदाजपत्र’ पत्करले. कन्नडमध्ये ‘आयव्यय’ आणि ‘मुंगडपत्र’ असे दोन शब्द चालतात. पहिल्यात जमाखर्चाची जोडी आहे, दुसऱ्यात आगाऊ मांडलेल्या कागदाची कल्पना आहे. तमिळ त्याला ‘निधिनिलै अरिक्कै’, म्हणजे निधीच्या स्थितीचा अहवाल, म्हणते. हिंदी आणि बंगाली यांनी व्यवहारात इंग्रजी शब्दच आपलासा केला. एकाच कागदाकडे कोणी संकल्प म्हणून पाहते, कोणी अंदाज म्हणून, कोणी हिशेब म्हणून, तर कोणी अहवाल म्हणून. सार्वजनिक वित्तव्यवहारातील बरेचसे वाद या चार कल्पनांच्या मधल्या फटींत उद्भवतात.

या फटी तपासण्यासाठी देशाने एक तज्ज्ञ आयोग नेमावा, आणि त्यात अर्थशास्त्रज्ञ व लेखापरीक्षक यांच्या जोडीला भारतीय भाषांच्या अभ्यासकांनाही स्थान असावे, अशी मागणी भाषा-साहित्याच्या विद्यापीठीय वर्तुळातून व्हावयास हवी. वरवर पाहता ही मागणी अनाठायी वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाचा अर्थसंकल्पाशी संबंध फार तर ग्रंथालयाच्या अनुदानापुरता, असा समज रूढ आहे. तो समज किती महागात पडतो, हे दाखविणे कठीण नाही.

अशा आयोगाला पूर्वोदाहरण आहे. १९६७ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अर्थसंकल्पीय संकल्पनांच्या तपासणीसाठी एक आयोग नेमला. बँकव्यवसायातील डेव्हिड केनेडी हे त्याचे प्रमुख होते. त्या काळी तेथे सरकारी जमाखर्च मांडण्याच्या तीन रीती एकाच वेळी चालू होत्या. तिन्हींतून तुटीचे आकडे वेगळे निघत, आणि सोयीचा आकडा पुढे करण्यास प्रत्येकाला वाव मिळे. आयोगाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अहवाल सादर करून तिन्हींच्या जागी एकच एकात्म अर्थसंकल्प सुचविला, आणि १९६९ च्या वित्तीय वर्षापासून तो स्वीकारला गेला. याच आयोगाने वेगळ्या भांडवली अर्थसंकल्पाची कल्पना तपासून नाकारली. तशी मांडणी केल्यास विटाचुन्याच्या कामांना झुकते माप मिळेल आणि ज्यांचे लाभ भांडवल म्हणून मांडता येत नाहीत अशी कामे मागे पडतील, ही त्यामागील एक धास्ती होती. संकल्पना निसर्गदत्त नसतात, त्या कोणीतरी ठरवितात आणि म्हणून त्या पुन्हा तपासता येतात, हे या आयोगाने दाखवून दिले.

भारतात समित्यांची वाण नाही. प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या शिफारशीनंतर १९६८-६९ पासून केंद्रात ‘कार्यक्रम अंदाजपत्रका’ची पद्धत आली. १९८० च्या दशकाच्या मध्यास शून्याधारित अर्थसंकल्पाचे प्रयोग केंद्रात व महाराष्ट्रात झाले. २०१४ मध्ये बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली व्यय व्यवस्थापन आयोग नेमला गेला, आणि २०१६ मध्ये एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखाली वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याचा फेरविचार करणारी समिती. १९२४ पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. यांपैकी प्रत्येक प्रयत्न आपापल्या जागी महत्त्वाचा होता. तथापि कोणी खर्चाची काटकसर पाहिली, कोणी तुटीची मर्यादा, कोणी कागदांची संख्या. ज्या शब्दांच्या आधारे हे सारे मोजले जाते, त्या शब्दांची एकत्रित झडती कोणी घेतली नाही.

शब्दाने किती नुकसान होऊ शकते याचे ठळक उदाहरण ‘योजना खर्च’ आणि ‘योजनेतर खर्च’ या जोडीचे आहे. पंचवार्षिक योजनांच्या काळात ही विभागणी रूढ झाली. धरण बांधणे योजनेत बसे. ते पूर्ण होऊन योजनेचा कालावधी संपला की कालव्याची डागडुजी योजनेतर ठरे. नवी शाळा काढणे योजनेत, चालू शाळेतील शिक्षकांचे वेतन बव्हंशी योजनेतर. ‘इतर’ या तीन अक्षरी प्रत्ययाने शिक्षक, परिचारिका, दुरुस्ती आणि देखभाल यांना विकासाच्या अंगणाबाहेर उभे केले. काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम त्यांच्याकडे वळे. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०११ मध्ये हा भेद काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २०१७-१८ पासून तो केंद्राच्या अर्थसंकल्पातून गेला. दीर्घकाळ चाललेला हा भेद आकड्यांतील चुकीमुळे टिकला नव्हता. एक नाव कोणी तपासले नाही, म्हणून तो टिकला.

दुसरे उदाहरण कर्जाच्या व्याख्येचे. २००२ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला. बंगळुरूच्या विधानसौधात संमत झालेल्या या कायद्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहिला: राज्याच्या महामंडळाने काढलेले, पण राज्याच्या तिजोरीतून फेडले जाणारे कर्ज राज्याचे मानावयाचे की नाही? पुढील दुरुस्तीने अशा कर्जाचा समावेश ‘एकूण दायित्वा’च्या व्याख्येत झाला. रक्कम तीच होती, फेडणारा तोच होता. बदलली ती व्याख्येची सीमा. केंद्रातही असेच घडले. २०२०-२१ च्या मूळ अंदाजात अन्न अनुदानाचा आकडा सुमारे १.१६ लाख कोटी रुपये होता. सुधारित अंदाजात तो सुमारे ४.२२ लाख कोटींवर गेला. साथीच्या काळातील वाढीव धान्यवाटप हे याचे एक कारण होते. तथापि अन्न महामंडळाच्या नावावर अर्थसंकल्पाबाहेर साठत गेलेली कर्जे आत घेतली गेली, हे मोठे कारण होते. तोवर त्या कर्जांचे ओझे होतेच. ‘तूट’ या शब्दाच्या कुंपणात मात्र ते नव्हते.

तिसरे उदाहरण भाषांच्या अभ्यासकांना सर्वांत जवळचे आहे. सरकारी लेख्यांत प्रत्येक प्रधान शीर्षाला चार अंकी क्रमांक असतो. दोन व तीन या अंकांनी सुरू होणारी शीर्षे महसुली खर्चाची, चार व पाच यांनी सुरू होणारी भांडवली खर्चाची. ‘२२०२’ हे सर्वसाधारण शिक्षणाचे शीर्ष, ‘भाषाविकास’ हे त्याच्याच पोटातील एक उपशीर्ष. ‘२२०५’ हे कला व संस्कृतीचे. राज्याने शाळेची वा सांस्कृतिक भवनाची इमारत बांधली तर तो खर्च ‘४२०२’ खाली जातो व मत्ता ठरतो. शिकविणाऱ्याचे वेतन आणि कोशकाराचे मानधन त्या वर्षापुरते उपभोगलेले मानले जाते.

या वर्गीकरणाच्या उजेडात बंगळुरूच्या कन्नड साहित्य परिषदेच्या कार्याकडे पाहावे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने आठ खंडांचा कन्नड निघंटू सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९७० मध्ये प्रसिद्ध झाला आणि शेवटचा १९९५ मध्ये, जी. वेंकटसुब्बय्या यांचे नाव या कोशाशी कायमचे निगडित आहे. हस्तलिखिते, शिलालेख आणि छापील वाङ्मय यांतून शब्द व त्यांची अवतरणे वेचण्यात पिढ्या खपल्या. कोणत्याही समंजस माणसाच्या हिशेबी ही मत्ता आहे, आणि ती इमारतीहून अधिक टिकणारी आहे. १८३१ चा मोल्सवर्थचा मराठी कोश आणि १८९४ चा किट्टेलचा कन्नड कोश अद्याप उघडले जातात. तथापि अशा कार्यासाठी संस्थेला दिलेले सहायक अनुदान लेखाशास्त्राच्या नियमाने महसुली खर्चातच बसते. महसुली तूट आटोक्यात ठेवण्याचे बंधन ज्या राज्यावर आहे, त्याच्या वित्त विभागाला असा खर्च ओझे वाटला तर दोष केवळ त्या विभागातील अधिकाऱ्याचा नाही. त्याच्या हाती दिलेली संकल्पनाच तशी आहे.

केंद्राने २०११-१२ मध्ये ‘प्रभावी महसुली तूट’ ही नवी संकल्पना आणली. अनुदानातून भांडवली मत्ता निर्माण होत असेल तर ते अनुदान तुटीच्या हिशेबातून वगळावे, असा तिचा आशय होता. २०१२ मध्ये तिला कायद्यात स्थान मिळाले, आणि २०१८ च्या दुरुस्तीने महसुली तुटीची उद्दिष्टेच कायद्यातून गेली. ही संकल्पनाही अनुदानातून उठलेली भिंत ओळखते; अनुदानातून उभा राहिलेला कोश ओळखत नाही. खर्चाची प्रतवारी त्यापासून होणाऱ्या लाभावरून करण्याची कल्पना या देशाला नवी नाही. रुद्रपट्टण शामशास्त्री यांना म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात गवसलेले आणि १९०९ मध्ये प्रकाशित झालेले कौटिलीय अर्थशास्त्र व्ययाचे ‘नित्य’ आणि ‘लाभ’ असे भेद करते. कौटिल्याचे वर्गीकरण आज जसेच्या तसे उचलावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु वर्गीकरणाला पर्याय असू शकतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

येथे एक आक्षेप संभवतो. लेख्यांचे स्वरूप ठरविण्याची व्यवस्था अनुच्छेद १५० मध्ये आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पुढाकाराने २००२ मध्ये शासकीय लेखामानकांसाठी सल्लागार मंडळही स्थापन झाले. मग नवा आयोग कशासाठी? आणि त्यात भाषेच्या माणसाचे काम काय? संकल्पना इंग्रजीत ठरवाव्यात आणि मागाहून त्यांचे भाषांतर करून घ्यावे, हा मार्ग सुटसुटीत नाही काय?

हा मार्ग चोखाळून झालेला आहे, आणि त्याचे फळ समोर आहे. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषेचे प्रचंड काम केले. त्यातील पुष्कळसे शब्द आज सहज वापरात आहेत. पण अर्थसंकल्पाच्या खंडांत ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ ही जोडी वाचणाऱ्या किती मराठी वाचकांना हे उमजते की, पहिल्या खर्चावर विधानसभा मतदान करते आणि दुसऱ्यावर करू शकत नाही? एवढा मोठा लोकशाही भेद, आणि तो सांगणारे शब्द मुके. भाषांतरकाराला शेवटी बोलावले की त्याच्या वाट्याला बंद झालेल्या संकल्पनेवर पाटी लावण्याचेच काम येते. शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’ने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी जमा, खर्च, बाकी, वसूल हे शब्द मराठीच्या जिभेवरून हलले नाहीत, आणि आजची ‘महसुली तूट’देखील त्याच घराण्यातील आहे. लोकांच्या व्यवहारातून न उगवलेला शब्द शासनाच्या शिक्क्यावर फार काळ जगत नाही.

याउलट उदाहरणही घरचेच आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला, आणि त्यानंतर ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भ-मराठवाड्याच्या सार्वजनिक बोलण्यात रुजला. शब्द संस्कृतच होता. पण त्यामागे रस्ते, सिंचन, शाळा यांची तालुक्यात दिसणारी उणीव उभी होती आणि तो हक्काने मागता येत होता. कर्नाटकात डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरविले, तेव्हा तेथेही एका संकल्पनेने निधीवाटपाच्या चर्चेला नवे परिमाण दिले. त्याच वर्षी बंगळुरूत काही नागरिक संघटनांनी महानगरपालिकेची त्रैमासिक वित्तीय विवरणे जाहीरपणे वाचण्याची मोहीम हाती घेतली. अशा वाचनात आकडे शेवटी येतात. पहिली अडचण शीर्षांची असते, आणि शीर्षे म्हणजे शब्द.

म्हणून प्रस्तावित आयोगाची रचना काळजीपूर्वक व्हावी. तो अल्पजीवी नसावा. वित्त आयोगाप्रमाणे दर पाच वर्षांनी त्याने काम करावे. वित्तशास्त्र, लेखापरीक्षण आणि संसदीय कार्यपद्धती यांच्या जाणकारांबरोबर निदान तीन-चार भारतीय भाषांचे कोशकार व भाषांतराभ्यासक त्याचे पूर्ण सदस्य असावेत. त्यांना केवळ परिशिष्टाचे काम दिले जाऊ नये. प्रत्येक संकल्पनेची व्याख्या अनेक भाषांत एकाच वेळी घडवावी, आणि एखादी व्याख्या दोन भाषांत एकच अर्थ देत नसेल तर मूळ संकल्पनाच पुन्हा तपासावी. भाषांतरात जे सांगता येत नाही, ते पुष्कळदा मुळातच नीट ठरलेले नसते, हा तौलनिक अभ्यासाचा जुना अनुभव वित्तव्यवहारालाही लागू पडेल. ज्ञानमत्तेचे लेखांकन, अर्थसंकल्पाबाहेरील कर्जे आणि मतदानास पात्र खर्चाची नावे हे तीन विषय त्याच्या पहिल्या कार्यसूचीत असावेत.

अशा आयोगाचे ठाणे बंगळुरूत असावे, या म्हणण्यामागे प्रांताभिमान नाही. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये स्थापिलेली सामाजिक व आर्थिक परिवर्तनाची संस्था याच शहरात आहे, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषांची केंद्रीय संस्था शेजारच्या म्हैसुरात. आजवर या दोन संस्थांतील विद्वानांना एका टेबलाभोवती बसविण्याचे प्रयोजन कोणाला फारसे जाणवले नाही. भाषाविभागांनी आयोगाच्या नेमणुकीची वाट न पाहता आपापल्या राज्याच्या अर्थसंकल्पाचा एक खंड पाठ्य म्हणून वाचावयास घ्यावा, त्यातील शंभर शब्दांची छाननी करावी, आणि ती वित्त विभागाकडे व विधिमंडळाच्या ग्रंथालयाकडे धाडावी. आयोग नेमला गेलाच, तर त्याच्यापुढे ठेवण्यास काही तयार असेल. न नेमला गेला, तरी निदान शंभर शब्द वाचले गेलेले असतील.