खणात बांधलेला पाव

आमच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला की खण घसरत बाहेर येतात. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत मी ते मोजले. ८३ भरले. डोहाळजेवणं, बारशी, चैत्रगौरी, सवाष्ण म्हणून जेवायला गेलेले शुक्रवार, सगळं त्या कप्प्यात घडी करून ठेवलेलं. तुमच्याही घरी असा कप्पा असणार. यातल्या ब्लाउजपीसचा ब्लाउज सहसा कोणी शिवत नाही. ओटीत येतो, काही महिने मुक्काम करतो आणि दुसऱ्या कोणाच्या ओटीत निघून जातो. आईने दिलेला एक लिंबूरंगी खण चार वर्षांनी भलत्याच घरातून आमच्याकडे परत आला होता. कोपऱ्यावरच्या शाईच्या ठिपक्यावरून तिने तो ओळखला आणि दिवसभर हसत होती.

बाबा गेल्यावर हे फिरणं आमच्या दारात थांबलं. नवा खण येत नाही, जुना जात नाही. कोणी तोंडावर काही बोललं नाही. हळदीकुंकवाची बोलावणी फक्त यायची बंद झाली.

आता पावाचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये अर्ध्या जगाने केलं तेच मी केलं, ब्रेड करायला शिकलो. बाकीच्यांनी सोडून दिलं, माझं टिकलं. दर शनिवारी ओटीजीत दोन पाव होतात. एक घरी, एक कोणाला तरी. देताना मात्र अडचण. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला की आतल्या ओलीने वरचं कुरकुरीत कवच संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. स्टीलच्या डब्यात दिला तर समोरच्याला त्या डब्याचं ओझं, कारण डबा रिकामा परत करायचा नसतो हे बडोद्यात मराठी घरांइतकंच गुजराती घरांतही पाळतात. एका मित्राने तर डब्यात काय घालावं या विचारात आमचा डबा पाच महिने ठेवून घेतला.

एका शनिवारी आईने कप्प्यातला एक खण काढला, त्यात पाव ठेवला, दोन गाठी मारल्या आणि म्हणाली, "जा देऊन ये." सुई नाही, दोरा नाही. मी बघत राहिलो.

तो पहिला प्रयोग फसला, हे आधीच सांगतो. खणांमध्ये डांबरगोळ्या होत्या. ज्याला पाव दिला त्याने फोन करून विचारलं, यात कापूर घातलायस का? शिवाय मी घाईत कोमट पाव बांधला होता, त्यामुळे कापड दमट, कवच चामट. तेव्हापासून नियम असा की पाव जाळीवर किमान दोन तास निवल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही. आणि डांबरगोळ्यांचा वास लागलेले खण बाद. दोनदा धुऊन, उन्हात घालूनही तो वास हटला नाही. त्यांची वह्यांना कव्हरं झाली.

खण सुतीच हवा. कापडावर लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका, कडेचा एक धागा ओढून सिंकवर धरून जाळा. सुती धागा कागदासारखा वास सोडून जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. असं कापड ओल शोषत नाही आणि त्याची गाठही निसटते. नवा खण आधी धुवावा, कारण त्यात खळ असते आणि लाल-मरून रंग पहिल्या धुण्यात हमखास सुटतो. तरीही पाव थेट कापडात ठेवू नये. आत बटर पेपरचा एक वेढा द्यावा, म्हणजे पिठी आणि लोण्याचे डागही पडत नाहीत.

मापासाठी मी अर्थातच एक्सेल शीट केली. पावाची लांबी दुप्पट, उंची दुप्पट, त्यात गाठीसाठी ३० सेंटिमीटर. हा झाला कापडाचा कर्ण. त्याला १.४ ने भागलं की बाजू. माझा साच्यातला पाव २३ सेंटिमीटर लांब आणि १० उंच, म्हणजे कर्ण ९६ आणि बाजू जवळपास ७०. आईने शीट पाहिली नाही. तिने पाव खणावर तिरका ठेवला, समोरासमोरची टोकं वर धरली, दोन्ही टोकं पावाच्या मध्यावरून वीतभर पुढे गेली. "होतंय," म्हणाली. तिचं आणि माझं उत्तर दोन-चार सेंटिमीटरांच्या फरकाने एकच आलं. शीट मी अजून डिलीट केलेली नाही, एवढंच.

ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर असतो, चौकोनी क्वचितच. एक कोपरा तिरका दुमडून त्रिकोण करा. बाहेर उरलेली पट्टी जादा. तिथे कात्रीने बोटभर चीर द्या आणि सरळ फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत आपोआप सरळ फाटतं, कात्रीने कापलं तर माझ्यासारख्याच्या हातून वाकडंच जातं. फाटलेल्या कडेचे तीन-चार धागे मुद्दाम ओढून काढले की उपरण्याला असतात तशा दशा होतात आणि कड आणखी उसवायची घाई करत नाही. उरलेली पट्टी टाकू नका. लांबट पाव कापडात गुंडाळून दोन्ही टोकं चॉकलेटसारखी बांधायला ती लागते.

आता बांधणं. कापड पतंगासारखं तिरकं पसरायचं, पाव मधोमध. जवळचं टोक पावावर टाकून कडेखाली खोचायचं, समोरचं टोक त्यावरून आपल्याकडे आणायचं. डावं-उजवं टोक वर घेऊन दोन गाठी मारायच्या. सगळी गंमत या गाठीत आहे. पहिल्या गाठीत जे टोक दुसऱ्यावरून गेलं, दुसऱ्या गाठीतही तेच टोक वर राहिलं पाहिजे. असं झालं की गाठीचे कान दोन बाजूंना सपाट पडतात. चुकलं तर कान आडवेतिडवे उभे राहतात आणि जिना उतरेपर्यंत गाठ सैल पडते. आपल्याकडे निरगाठ सुटत नाही आणि सुरगाठ धरवत नाही. ही गाठ या दोघींच्या मधली. पावाचा भार नीट धरते. सोडायची असेल तेव्हा एक कान आणि त्याच बाजूचं कापड धरून विरुद्ध दिशांना सरळ ताणा. गाठ उलटते आणि दुसरं टोक अलगद निघून येतं. जिला गाठी सोडवताना नखं लागतात अशा सत्तरीच्या बाईला पाव देणार असाल तर हे एकदा करून दाखवा.

जपानमध्ये या बांधण्याला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी पिशव्यांचा वापर कमी व्हावा म्हणून फुरोशिकीचा खास प्रचार केला होता. इंटरनेटवर याचे व्हिडिओ भरपूर आहेत, जरूर बघा. पण आपल्याला ते नवीन वाटावं याचं मला हसू येतं. पेशवे दफ्तरातले कागद अजून रुमालांत बांधलेले आहेत, पोथ्या बासनात असतात, शिदोरी फडक्यात बांधली जायची. फक्त खण तेवढा या कामाला कोणी लावला नव्हता, कारण तो ओटीचा.

गेल्या संक्रांतीला मी आईला म्हणालो, या वर्षी आपण पावाचं वाण देऊ. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कप्पा उघडून बसली. दोन संध्याकाळी मिळून ११ पाव भाजले, त्यावर तीळ लावले. आईने माणसं पाहून खण निवडले. पहिला तळमजल्यावरच्या बांना, त्यांचे पती जाऊनही आठ वर्षं झालीत. एक माझ्या मित्राला, एक सोसायटीच्या वॉचमनला, तीन नात्यातल्या सवाष्णींना. उत्तरायणाचे पतंग चालू होते, त्या गोंधळात आम्ही घरोघर फिरलो.

एका घरी काकूंनी गाठ सोडली, पाव ताटलीत ठेवला आणि खणाची घडी करून आईच्या हातात परत दिली. "राहू दे हो, तुम्हालाच लागेल." आवाज गोडच होता. आईने खण पिशवीत टाकला, तिळगूळ दिला, दुसऱ्या घरी निघालो. जिन्यात मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, "कान उभे राहिले होते बघ त्या गाठीचे. घाईत बांधलेली मी." मला माहीत आहे, गाठ नीट होती.

बांचा खण चौथ्या दिवशी परत आला. धुतलेला, इस्त्री केलेला, आत मेथीचे खाखरे. गाठ मात्र चुकीची होती. आई खाली जाऊन त्यांना बरोबर गाठ शिकवून आली आणि येताना दीड तास लावला. वॉचमनच्या बायकोने तो खण ठेवून घेतला, मुलीच्या डब्याला बांधते म्हणाली. उरलेल्यांपैकी सात परत आले. एकात पेरू, एकात नुसता हळदीचा पुडा, आणि एक खण असा आला जो आम्ही दिलेलाच नव्हता. मोरपंखी, बारीक जरीकाठाचा, नवा कोरा. मावसबहिणीने आत चिठ्ठी ठेवली होती, "मावशी, हा तुझ्यासाठी."

आईने तो कप्प्यात ठेवला नाही. दर शनिवारी तोच वापरते. सध्या तो तळमजल्यावर आहे.