मागच्या रांगेतला आवाज

शाळेच्या प्रार्थनेला पेटीवर काळी पाच धरली जाते आणि सर्व मुलींनी तिच्यात गावे असे गृहीत धरले जाते. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल, जिचा आवाज तारसप्तकात गेला की फाटतो. मग तिला सांगण्यात येते, ‘तू मागे उभी राहा, नुसते ओठ हलव.’ माझे म्हणणे असे, की दोष बहुधा तिच्या गळ्याचा नसून पट्टीचा असतो.

तंबोरा पाहा. तारांची लांबी जवळजवळ सारखीच, पण खर्जाची तार पितळेची आणि जाड. म्हणून ती सावकाश कंप पावते व स्वर खालचा निघतो. घशातील स्वरतंतूंचेही काहीसे तसेच आहे. ज्या थोड्या स्त्रियांचे स्वरतंतू लांब व जाड असतात, त्यांचा आवाज मुळातच खाली बसतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्त्रियांच्या या सर्वांत खालच्या आवाजाला काँट्राल्टो म्हणतात. त्याचा पल्ला सेकंदाला सुमारे १७५ कंपनांपासून ७०० कंपनांपर्यंत, म्हणजे दोन सप्तकांचा. मात्र खालचा एखादा स्वर लागला एवढ्याने कोणी काँट्राल्टो होत नाही. गळा न थकता कोठे राहतो आणि तेथे नाद किती भरीव येतो, हे पाहावे लागते. हा भरीवपणा घसा व तोंड यांच्या पोकळीवरही अवलंबून असतो.

असा आवाज दुर्मिळ, हे खरे. पण त्यातली थोडी दुर्मिळता आपणच निर्माण केलेली नाही काय? ऑपेरातील नायिका बहुधा उंच आवाजाची, सोप्रानो. काँट्राल्टोच्या वाट्याला म्हातारी, दाई, नाही तर चेटकीण! मग कामे मिळावीत म्हणून खालच्या गळ्याच्या मुलीही मधल्या आवाजाच्या, मेझो-सोप्रानोच्या भूमिका शिकतात.

अमेरिकेच्या मॅरियन अँडरसन यांचेच पाहा. कृष्णवर्णीय म्हणून १९३९ साली वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहात त्यांना गाऊ दिले नाही. तेव्हा ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या गायल्या आणि सुमारे ७५,००० लोकांनी ते गाणे ऐकले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांना पहिली भूमिका मिळाली ती १९५५ मध्ये, वयाची ५७ वर्षे उलटल्यावर. आणि तीही भविष्य सांगणाऱ्या बाईची. (इतकी वर्षे दार अडले ते रंगामुळे, पण भूमिका ठरवली आवाजाने!)

आपल्याकडे हुबळीच्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जाड, पुरुषी झाला. त्यांनी तो लपवला नाही, ओढून उंचही केला नाही. त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याची गायकी मांडली.

शिक्षक म्हणतील, एका प्रार्थनेला दहा पट्ट्या कशा धरायच्या? दहा नकोत. आठवड्यातून दोन दिवस पेटी काळी तीनवर आणा. आठवी-नववीत ज्यांचा आवाज फुटत असतो, त्या मुलांचीही सोय होईल. आणि त्या दोन दिवशी मागच्या रांगेला पुढे बोलवा.