कुंड्यांची थंडी

दिवाळीचा फराळ संपता संपता नाशिकच्या हवेला धार येते आणि आमच्या घरी लोकरीच्या कपड्यांबरोबर कुंड्यांचाही प्रश्न निघतो. शेवंतीची काळजी नको. ती थंडीतच खुलायची. प्रश्न असतो क्रोटन, कॅलेडियम, डिफेनबेकिया अशा नाजूक मंडळींचा. क्रोटन मूळचा मलायाकडच्या बेटांवरचा, कॅलेडियम दक्षिण अमेरिकेतला. पारा १० अंशांखाली गेला की ही मंडळी कण्हू लागतात. आणि आमच्या जिल्ह्यात निफाडला तो कित्येकदा ५ च्याही खाली उतरतो.

आमच्या क्रोटनला तर माहेरही आहे. कोकणातल्या घराच्या कुंपणाची एक फांदी आईने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आई गेली, झाड आहे. त्यामुळे डिसेंबरात त्याचे पहिले पान गळाले की घरात कोणी काही बोलत नाही, पण जो तो जाता-येता तांब्याभर पाणी ओततो.

माझे भांडण आहे ते या तांब्याशी! माती गारठली की मुळे पाणी ओढेनाशी होतात आणि पाने मलूल दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड तहानले. तो पाणी घालतो, चिखलात मुळे गुदमरून कुजतात, पाने अधिकच मलूल होतात आणि पुन्हा तांब्या येतो. तेव्हा आधी मातीत दोन पेरे बोट खुपसावे. ओल लागली तर मुकाट्याने परत फिरावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे, तेही ऊन वर आल्यावर. गच्चीवरच्या टाकीतले पहाटेचे पाणी नको. त्याने आपण तरी अंघोळ करतो का? खत आणि छाटणी माघ सरेपर्यंत बंद, कारण आता फुटलेली कोवळी पालवीच आधी करपते.

निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. वर सज्जा असला तर बरीचशी अडते. म्हणून कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत, सज्ज्याखाली ठेवाव्यात. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब परत करते. कडाक्याच्या रात्री चार काठ्यांवर जुने धोतर पांघरावे. (धोतर नेसणारे घरात उरले नसतील तर चादर चालेल.) प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी पांघरूण काढावे. आईचा क्रोटन अशाच भिंतीशी उभा असतो. पाने गळतात, पण फांदी नखाने किंचित खरवडली की आत हिरवे दिसते. तेवढे दिसले की मी वर्गावर जायला मोकळा.

कॅलेडियमची तऱ्हाच निराळी. त्याची पाने पिवळी पडून झडतात, कुंडी ओकीबोकी दिसते आणि दिवाळीनंतरच्या आवराआवरीत कोणीतरी ती उकिरड्यावर पालथी करतो. वास्तविक आतला कंद मेलेला नसतो, झोपलेला असतो. पाणी थांबवून माती वाळू द्यावी, मग कंद काढून कोरड्या वाळूच्या डब्यात घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवावा. उन्हाळ्यात लावला की पुन्हा फुटतो. डब्यावर ठळक चिठ्ठी मात्र लावा. हा कंद खाजरा असतो आणि गेल्या वर्षी आमच्याकडे तो सुरणाच्या शेजारी सापडला.