आपला इतिहास रक्ताच्या नळीत शोधताना



"जातीचा छळ आमच्या डीएनएत कोरला गेलाय," असे आपले अनेक तरुण मांडतात. आधार दिला जातो एपिजेनेटिक्सचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेल्यांच्या रक्तात साठ वर्षांनंतरही डीएनएवरच्या मिथाइल खुणांत फरक सापडला, हे खरे. पण असा दावा आपल्याबद्दल करण्याआधी विचारा : रक्त कुठे आणि किती वेळ ठेवले होते?

रक्तात अनेक प्रकारच्या पेशी असतात, प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या. नळी तासन्‌तास उन्हात, प्रवासात राहिली तर काही पेशी आधी मरतात आणि उरलेल्यांचे प्रमाण बदलते. वेगळा काढलेला डीएनए उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षे टिकतो. पण वारंवार गोठवला-वितळवला तर तुटतो.

समजा, वस्तीतले नमुने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचले आणि शहरातल्या सवर्णांचे तासाभरात गोठवले. यंत्र फरक दाखवेल. तो जातीचा नसेल, बर्फाच्या पेटीचा असेल. उद्या मनुवादी तोच कागद "यांचे रक्तच वेगळे" म्हणून फडकवतील.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचे आकडे तपासूनच अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत फेटाळला. आपणही आधी मोजमाप तपासू. अन्याय सिद्ध करायला रक्त लागत नाही. सातबारा आणि गटारात गुदमरून मेलेल्यांची यादी पुरेशी आहे. तरीही कुणी संशोधनासाठी रक्त मागितले, तर ते किती तासांत गोठवणार आणि कशासाठी वापरणार, हे विचारल्याशिवाय हात पुढे करू नका.